वॉल नवा, नऊशे

सोमवार, २ तारीख

छापखाना बंद झाला तेव्हा मालकाने शेवटच्या पगारातल्या काही भागाच्या बदल्यात ह्यांच्या हातावर कोऱ्या वह्या ठेवल्या. चोवीस. ही त्यातली सातवी. घरखर्चाची वही वेगळी, गाडीची वेगळी. ह्या वहीत आकडे लिहायचे नाहीत असं ठरवलं होतं, पण आज आकड्यांचाच विषय निघाला.

गाडीत आज दिवा लागला. काट्यांच्या खाली, इंजिनाच्या चित्राचा, केशरी. हे दुपारी जेवायला आले आणि पहिला घास घ्यायच्या आधी म्हणाले, "दिवा लागलाय." मी म्हटलं, "जेवा आधी."

गाडी अकरा वर्षांची, आमच्याकडे येऊन चार. तिच्यावरच घर चालतं. मूत्रपिंडाच्या आजाराचे लोक रक्त शुद्ध करून घ्यायला जातात त्या केंद्राचा करार आहे. तीन पेशंट, आठवड्यातून तीन दिवस, न्यायचे आणि आणायचे. करार दर वर्षी नवा होतो. ह्या वेळी सव्वीस तारखेला तपासणी आहे. कागदावर स्पष्ट लिहिलंय : गाडीत धोक्याचा कोणताही दिवा लागलेला नसावा.

दुरुस्तीच्या डब्यात पाच हजार आहेत. सोळा महिन्यांत साठले.

देवापुढे बसले तेव्हा दिव्याचंच मागणं मागितलं. लाज वाटली, पण मागितलं.


बुधवार, ४ तारीख

मिस्त्रींकडे गेलो. मला बरोबर नेतात, कारण पैसे माझ्याकडे असतात. मिस्त्री भला माणूस आहे, फक्त बोलताना समोरच्याकडे बघत नाही, इंजिनाकडे बघतो. त्यांनी एक यंत्र लावलं. तीनशे. यंत्राने सांगितलं की इंजिन गार राहतंय.

मला तर बरं वाटलं. म्हटलं, "गार म्हणजे चांगलंच की. गेल्या उन्हाळ्यात उकळून रस्त्यात उभी राहिली होती. आता काटा कधी वर चढतच नाही, देवाची कृपा."

मिस्त्री इंजिनाला म्हणाले, "वहिनी, माणूस तापला तरी आजारी आणि गार पडला तरी आजारी."

मग ह्यांना म्हणाले, "दोन गोष्टी असू शकतात. एक तर तापमान सांगणारा सेन्सर चुकीचं सांगतोय. नाहीतर पाण्याचा वॉल, म्हणजे झडप, गेलाय. वॉल कधी बदललाय?"

"गेल्या उन्हाळ्यातच. पुलापलीकडच्या मिस्त्रीने नवा घातला. नऊशे घेतले. हिच्या वहीत आहे, आणि हिच्या वहीत आहे म्हणजे झालं. देवाच्या वहीत एकवेळ चूक सापडेल."

मिस्त्री हसले. "मग वॉल नाही. उगाच उघडायची मजुरी कशाला. सेन्सर बदलू."

मी काही बोलले नाही. मला काय कळतंय इंजिनातलं.


गुरुवार, ५ तारीख

सेन्सर चौदाशे, मजुरी दोनशे. दिवा गेला. डब्यात एकतीसशे राहिले. देवाला फुलं जास्त वाहिली, अंगणातलीच.


शनिवार, ७ तारीख

थंडी वाढली आहे. पेशंटांतले एक मास्तर आहेत, शाळेतून निवृत्त झालेले. केंद्रातून परत येताना त्यांना हुडहुडी भरते, रक्त बाहेर काढून परत आत घालतात त्यामुळे असेल. ते ह्यांना म्हणतात, "अहो, तुमच्या गाडीचा हीटर म्हणजे आमच्या साहेबांची शाबासकी. येते, पण कोमट." हीटर जुना झालाय, दुसरं काय. मी माझी जाडी शाल दिली आहे गाडीत ठेवायला.


मंगळवार, १० तारीख

काल परत येताना दिवा पुन्हा लागला.

आज गाडीची वही काढून बसले. पेट्रोल आणि केंद्राच्या फेऱ्यांचे किलोमीटर मी प्रत्येक वेळी लिहिते. पूर्वी लिटरला पंधरा जायची. थंडी सुरू झाल्यापासून बारा. रस्ता तोच, पेशंट तेच. मग तीन किलोमीटर जातात कुठे?

हे आल्यावर विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं. "अहो, मधूनमधून ताईंकडे जाणं होतं का?" ताई म्हणजे माझी नणंद. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, आणि तिला कुठे ना कुठे सोडायचंच असतं.

"जातो ना. रोज. हेलिकॉप्टरने."

"मी आपलं विचारलं."

"तू विचारत नाहीस. तू बेरीज करतेस."

मग संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. मी पण नाही. पण वहीत बारा ते बाराच. आकडा काही रुसत नाही.


शुक्रवार, १३ तारीख

पेशंट सोडून मोठ्या गॅरेजमध्ये गेलो. काचेची केबिन, इस्त्रीचा शर्ट घातलेला मुलगा, हाताला तेलाचा डाग नाही. नुसतं बघायचे आठशे, आधी भरायचे. अर्ध्या तासाने येऊन म्हणाला, सेन्सर नवा आहे, वॉल पण नवा आहे असं तुम्ही म्हणता, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटरच चुकीचं वाचतोय. तो गाडीचा मेंदू असतो. बदलायला चौदा हजार.

हे म्हणाले, "मेंदू बदलून मिळतो? मग माझं पण बघा ना काही जमतंय का. वय बावन्न, वापर कमी."

मुलगा हसला नाही. त्याने कागदावर चौदा हजार लिहून दिलं, खाली सही केली.

डब्यात तेवीसशे. चौदा हजार म्हणजे सोळा महिन्यांच्या पाच हजारांच्या हिशेबाने जवळजवळ चार वर्षं. तपासणीला तेरा दिवस.

घरी येऊन भाजी निवडत बसले. किती वेळ निवडत होते कोण जाणे, एरवी आमटीत घालते ते देठ पण टाकून दिले.


शनिवार, १४ तारीख

आज एक चांगली गोष्ट झाली. हे बाजारातून देवाचं एक लहानसं चित्र घेऊन आले, मागून चिकटणारं, आणि गाडीत काट्यांच्या काचेवर लावलं. मी होऊन कधी सांगितलं नव्हतं. हा माणूस देवापुढे उभा राहतो तो माझ्या आवाजाला भिऊन. देवाला पैसे लागत नाहीत, पेट्रोलपंपाला लागतात, हे ह्यांचं पेटंट वाक्य. आणि आज स्वतः चित्र आणलं. विचारलं, "कसं काय?" तर म्हणाले, "असू दे. तुला बरं वाटेल."

संकट माणसाला वळवतं. बारा-पंधराचा मनात आणलेला संशय मी आज मनातून काढून टाकला. निदान प्रयत्न केला.


मंगळवार, १७ तारीख

दिवा गेला. एक पैसा न लावता.

काल मी विचारलं, "दिवा?" हे म्हणाले, "आता नाही दिसत." दोनदा विचारलं, दोनदा तेच. म्हटलं, चित्र लावलं आणि दिवा गेला, आणखी काय पुरावा हवा? मोठ्या गॅरेजवाल्याला चौदा हजार लागत होते. मी काल आणि आज दोन्ही वेळा उपास केला. हे मात्र खूश दिसत नाहीत. जेवताना मान खाली. मी म्हटलं, "बघा, श्रद्धा ठेवली की होतं." म्हणाले, "भात वाढ."

काल सकाळी लवकर मास्तरांना न्यायला निघाले तेव्हा मी फाटकापाशी होते. अजून नीट उजाडलं नव्हतं. गाडीत चित्रातल्या देवाच्या पायाशी केशरी उजेड दिसला, मंद. बराच वेळ बघत राहिले. कुणाला सांगितलं नाही. असल्या गोष्टी सांगायच्या नसतात.


गुरुवार, १९ तारीख

आज गाडी धुतली. ओल्या फडक्याने काटे पुसताना चित्राचा एक कोपरा सुटला.

पुढचं लिहायला नको वाटतं. दिवा तिथेच आहे. गेलाच नव्हता. चित्राच्या मागे जळत होता, आणि मी दोन दिवस उपाशी.

हे ओट्यावर बसून बूट पुसत होते. मी चित्र हातात धरून समोर उभी राहिले. ह्यांनी चित्राकडे बघितलं आणि पुन्हा बूट पुसायला लागले.

"देवाचं झाकण केलंत," मी म्हटलं.

"हो."

"आणि मी उपास केले."

"एकच करशील असं वाटलं होतं."

"ह्याची चेष्टा नाही चालणार मला."

तेव्हा बूट खाली ठेवला. "चेष्टा नाही. रोज संध्याकाळी मी आलो की तू आधी माझ्या तोंडाकडे बघतेस, दिव्याची बातमी वाचायला. मला ते सहन होईना. पैसे नाहीत, मेंदू बदलता येत नाही. म्हटलं, निदान चार दिवस तुझं तोंड हसरं राहील. सव्वीसला जे व्हायचं ते होईल."

"आणि तपासणीवाल्याने चित्र काढायला लावलं असतं तर?"

"म्हटलं ना, सव्वीसला जे व्हायचं ते."

मी आत गेले. देवापुढे बसून मनात म्हटलं, ह्यांना क्षमा कर, तुझ्या आड लपून खोटं बोलले. आणि हे म्हणता म्हणता मला गाडीच्या वहीतली एक ओळ आठवली.


शुक्रवार, २० तारीख

लिहिते. कुठेतरी लिहायलाच हवं.

गेल्या उन्हाळ्यात गाडी उकळून बंद पडली, त्याच आठवड्यात ह्यांना ताप आला. पंधरा दिवस उतरेना. गाडी पुलापलीकडच्या मिस्त्रीने ओढून नेली होती, आणायला मी गेले. तो म्हणाला, वॉल अडकलाय, नवा घालू, सगळे मिळून नऊशे. माझ्याकडे नऊशेच होते. ते मी देवाला द्यायचे ठरवले होते, ह्यांच्या तापासाठी. दोन्ही होईना. मी विचारलं, वॉल न घालता चालेल का? तो म्हणाला, नुसता काढून टाकला तरी गाडी चालते, पुष्कळ लोक काढतात, इंजिन तापणार नाही उलट. दोनशे मजुरी. मी म्हटलं, काढा.

सातशे देवळाच्या दानपेटीत टाकले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

ह्यांना काय सांगणार? पेट्रोलपंपाचं वाक्य ऐकून घ्यावं लागलं असतं. म्हणून गाडीच्या वहीत लिहिलं, "वॉल नवा, नऊशे." बेरीज जुळली. अकरा वर्षं हिशेब लिहितेय, तेवढी एकच ओळ खोटी. आणि खोटी तरी कशी, पैसे गेले ते गेलेच, असं मी स्वतःला समजावत आले.

आज आठवतंय, तो मिस्त्री आणखी एक वाक्य बोलला होता. "पण थंडीच्या आत नवा बसवून घ्या, वहिनी." तेव्हा बाहेर रस्ता भाजत होता. थंडी कुणाच्या डोक्यात?

चार तारखेला आपल्या मिस्त्रींनी विचारलं तेव्हाच बोलायला हवं होतं. मला खरंच वाटलं की काढलेल्या वॉलचा आणि गार इंजिनाचा संबंध असला तरी गार म्हणजे बरंच. म्हणजे थोडं वाटलं आणि थोडं वाटून घेतलं.


शनिवार, २१ तारीख

सकाळी ह्यांना म्हटलं, "मिस्त्रींना एकदा वॉल उघडून बघू द्या."

"वॉल नवा आहे."

"असू दे. बघू द्या."

"डब्यात तेवीसशे. उघडायचीच मजुरी चारशे घेतील."

"मी देते म्हणतेय ना."

ह्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं, पण गाडी काढली.

मिस्त्रींनी नळी सोडवली, दोन नट काढले, आणि आत बोट घालून थांबले. मग इंजिनाला म्हणाले, "ह्यात वॉल नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही, दादा. घर आहे, दार नाही." मग समजावून सांगितलं. इंजिन तापेपर्यंत हा वॉल पाणी अडवून धरतो, तापलं की सोडतो. तोच नाही तर पाणी सारखं फिरत राहतं आणि इंजिनाला ऊब धरताच येत नाही. उन्हाळ्यात निभावतं. थंडीत कॉम्प्युटरला वाटतं, गाडी आत्ताच सुरू केली आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त ओतत राहतो. शेवटी कंटाळून दिवा लावतो. "हीटर पण कोमट येत असेल. त्याला गरम पाणीच मिळत नाही."

मी हिशेबाच्या पिशवीचे बंद घट्ट धरून उभी होते.

ह्यांचा चेहरा लाल झाला. "चोर. नऊशे घेतले, नव्या वॉलचे. ही बिचारी एकटी गेली होती, मी तापात. बाईमाणूस बघून फसवलं." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "तुला काय कळणार होतं. तुझी चूक नाही."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

वॉल साडेअकराशे, वायसर आणि इंजिनाचं रंगीत पाणी साडेचारशे, मजुरी चारशे, यंत्र लावून दिवा पुसायचे तीनशे. डबा रिकामा. बरोबर शून्य.


सोमवार, २३ तारीख

दिवा नाही. आज मी स्वतः शेजारी बसून गेले आणि बघत राहिले, चित्र न लावता. काटा मध्यावर येऊन थांबतो. परतीच्या वाटेवर मास्तरांनी शाल काढून घडी करून मांडीवर ठेवली. म्हणाले, "आज हीटरला बढती मिळाली वाटतं." त्यांचे हात पातळ आहेत, शिरा वर आलेल्या. अख्खी थंडी हा माणूस माझ्या सातशेंपायी कुडकुडत आला आणि माझ्याच शालीबद्दल मला आशीर्वाद देत होता.

हे मात्र सगळीकडे सांगत सुटलेत. पंपावर, केंद्राच्या दरवानाला, भाजीवालीला सुद्धा. पुलापलीकडे जाऊ नका, तो वॉल काढून घेतो. बरं, त्या मिस्त्रीचं दुकान अजून चालू आहे. त्याला दोन लहान मुली आहेत, मी बघितल्यात.

वाढीव पेट्रोल किती गेलं ते काढायला बसले होते. लिटर काढले. भावाने गुणलं नाही, वही मिटली. आणि ताईंचं नाव मी ज्या आवाजात घेतलं होतं, तो आवाज आठवत राहिला.


मंगळवार, २४ तारीख

केंद्रातून निरोप आला. तपासणीला गाडीच्या दुरुस्तीची नोंदवही पण लागेल, ह्या वर्षीपासून. नीट, खाडाखोड नसलेली. हे खूश. "खाडाखोड? हिच्या वहीत? अक्षर बघूनच करार देतील."

तसंच दिलं तर कुणाला कळणार नाही. "वॉल नवा, नऊशे", आणि खाली शनिवारची "वॉल नवा, साडेअकराशे." कुणी विचारलंच तर हे सांगतील, पहिल्याने फसवलं. आणि ते वाक्य केंद्राच्या कागदावर कायमचं चढेल.

आज प्रार्थनेत काही मागितलं नाही. काय मागू? त्याला सातशे मिळाले आहेत, कुठून मिळाले ते त्याला ठाऊक आहे.


बुधवार, २५ तारीख

दुपारी हे पेशंटांना आणायला गेल्यावर वही काढली. ती ओळ एका रेघेने खोडली, वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं : "वॉल काढला, नवा घातला नाही. मजुरी २००. देवाला ७००. नवऱ्याच्या तापासाठी. आधीची नोंद मी खोटी केली होती." खाली सही आणि आजची तारीख.

ह्यांना आज रात्री जेवताना सांगायचं ठरवलं होतं. वाढलं, बसले, तोंड उघडलं आणि विचारलं, "आमटी हवी?"


गुरुवार, २६ तारीख

गाडी तपासली. दिवे, ब्रेक, पट्टे, सगळं ठीक. मग आम्हाला आत बोलावलं. केंद्राच्या व्यवस्थापक बाई चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून वही वाचतात, प्रत्येक ओळ बोटाने. हे माझ्या शेजारी ताठ बसले होते, परीक्षेत पहिला आलेल्या मुलाच्या बापासारखे.

बोट थांबलं. बाई मोठ्याने वाचायला लागल्या, वाईट हेतूने नाही, त्यांना सवयच आहे. "वॉल काढला, नवा घातला नाही. मजुरी दोनशे. देवाला सातशे." वर बघितलं. "दुरुस्तीखर्चात देव कसा?"

मी म्हटलं, "ह्यांना ताप होता. पैसे एकाच गोष्टीला पुरत होते. मी वॉलचे पैसे वाचवले आणि वहीत खोटं लिहिलं. त्या मिस्त्रीची काही चूक नाही, त्याने नवा घाला असंच सांगितलं होतं." हे सगळं बाईंकडे बघत बोलले. शेजारी बघायची छाती नव्हती.

बाई म्हणाल्या, "खाडाखोड चालत नाही, माहीत होतं ना?"

"हो."

"मग दुसऱ्या वहीत उतरवून आणायचं होतं. कोरी वही नव्हती का?"

"सतरा आहेत," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. गाडी व्यवस्थित आहे, पेशंटांची तक्रार नाही, पण नोंदवहीत खोटी नोंद सापडली असताना त्यांना वर्षाचा करार देता येत नाही. सहा महिन्यांचा देतात. पुढचा तेव्हा बघू. सही कुठे करायची ते दाखवलं. ह्यांनी सही केली. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून.

वर्षाचे सहा महिने झाले ते माझ्या एका ओळीने. खोडली म्हणून, का लिहिली म्हणून, ते मला अजून ठरवता येत नाही.

गाडीत बसलो. चौक गेला, बाजार गेला. मी म्हटलं, "काल सांगणार होते."

"आमटी वाढलीस काल."

ह्यांनी पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याला गाडी वळवली, आपला रस्ता नसताना. मला कळलं कुठे चाललोय. म्हणाले, "पंपावर, दारात, भाजीवालीकडे मीच बोंबललोय. आधी त्याच्या दुकानात जाऊन सांगतो, मग बाकीच्यांना एकेकाला. तू गाडीतच बस. तोंड माझं होतं."

"खोटं माझं होतं. मी पण येते."

पुलावर गर्दी होती, गाडी हळूहळू सरकत होती. मध्यावर आल्यावर ह्यांनी समोर बघतच विचारलं, "सातशे दिलेस देवाला. आणि तरी ताप उतरला नसता तर?"

मी म्हटलं, "मग गाडीत काढण्यासारखं अजून पुष्कळ होतं."

ह्यांना खोकला आला की हसू, ते मी बघितलं नाही. मी खिडकीबाहेर बघत होते.